वाचकांचे प्रश्न : जुने नाणे स्वच्छ करावे का?

जुन्या नाण्यांची स्वच्छता आणि जतन या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेली पत्रे वाचताना जाणवले की नाण्याचे नुकसान व्हावे असे कोणालाच वाटत नाही, आणि तरीही यांतील निम्म्याहून अधिक उपाय नाण्याचे कायमचे नुकसान करणारे आहेत. त्यामुळे काही उत्तरे सविस्तर द्यावी लागली. पत्रलेखकांची नावे वगळून केवळ गाव किंवा जिल्हा दिला आहे.

प्रश्न (सातारा) : आजोबांच्या पेटीत तांब्याच्या काही शिवराया मिळाल्या. सगळ्या काळपट-हिरव्या झाल्या आहेत. शिवजयंतीला गावच्या शाळेत प्रदर्शन आहे. चिंच-मीठ लावून किंवा तांब्याची भांडी घासायच्या पावडरीने त्या उजळल्या, तर मुलांना अक्षरे नीट वाचता येतील. वस्तू घरचीच आहे, मग यात गैर ते काय?

उत्तर : आपला हेतू चांगला आहे, परंतु कृपया हे करू नका. चिंचेतील आम्ल आणि मीठ तांब्याच्या घंगाळावर चांगले काम करतात, कारण घंगाळाचा पत्रा जाड असतो आणि त्याच्या पृष्ठभागावर वाचण्यासारखे काही नसते. नाण्याच्या बाबतीत सगळे काही पृष्ठभागावरच असते. दोन-तीनशे वर्षे हवेत, ओलीत किंवा मातीत राहिलेल्या तांब्याचा वरचा थर हळूहळू खनिजात रूपांतरित होतो; धातूला लागून क्युप्राइटचा तांबूस थर तयार होतो आणि त्यावर बहुधा मॅलाकाइटचा हिरवा थर चढतो. या थराला नाण्यांच्या व्यवहारात पॅटिना म्हणतात. तो बाहेरून येऊन चिकटलेला मळ नव्हे. नाण्याचे मूळ तांबेच तिथे रूप बदलून उरलेले असते. झिजलेल्या नाण्यांवर अक्षरांच्या कडा पुष्कळदा या खनिज थरातच शिल्लक असतात, त्याखालच्या धातूत त्यांचा मागमूस नसतो. आम्लाने तो थर विरघळला की हातात उरतो तो गुलाबी रंगाचा, बारीक खड्डे पडलेला एक चकचकीत तुकडा, आणि ज्या अक्षरांसाठी हा सारा खटाटोप केला ती अक्षरे पाण्याबरोबर मोरीत गेलेली असतात. मिठाने होणारे नुकसान याहून उशिरा दिसते, त्याविषयी रत्नागिरीच्या वाचकांना दिलेले उत्तर पाहावे.

शिवराई पुष्कळ सापडते म्हणून ती सामान्य समजली जाते, हेही मला खटकते. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हा मजकूर असलेली ही नाणी शिवछत्रपतींच्या काळानंतरही दीर्घकाळ, अनेक ठिकाणी आणि अनेक हातांनी पाडली गेली. कोणती शिवराई कोणत्या काळातली, हे ठरवताना अभ्यासक अक्षरांचे वळण, ओळींची मांडणी, कडेच्या ठिपक्यांची रचना, एखादे लहानसे चिन्ह आणि वजन यांचा आधार घेतात. घासण्याने सर्वांत आधी हेच बारीक तपशील जातात. नाणे घरचे आहे आणि त्यावरचा हक्क आपला आहे, याबद्दल वाद नाही; मात्र त्या नाण्यावरचा पुरावा पुढच्या अभ्यासकालाही लागणार आहे, आणि तो एकदा पुसला की पुन्हा मिळवण्याचा कोणताही मार्ग नाही. त्यामुळे ‘कायद्याने मनाई नाही’ एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही असे माझे ठाम मत आहे.

मुलांना अक्षरे वाचता यावीत यासाठी एक साधा मार्ग आहे. अंधाऱ्या खोलीत नाणे पांढऱ्या कागदावर ठेवून एका बाजूने, अगदी खालच्या पातळीवरून, टॉर्चचा तिरपा प्रकाश पाडा आणि मोबाइलने जवळून छायाचित्रे घ्या. टॉर्चची दिशा बदलत गेल्यास एकेका छायाचित्रात वेगवेगळी अक्षरे उठून दिसतील. ही छायाचित्रे मोठ्या आकारात छापून नाण्याशेजारी लावली तर मुलांना घासलेल्या नाण्यापेक्षा कितीतरी जास्त वाचता येईल. नाण्यावर सुटी धूळ असेल तर मऊ केसांच्या कोरड्या ब्रशने ती झटकावी. मातीचा पापुद्रा असेल आणि फिकट हिरवी भुकटी कुठेही दिसत नसेल, तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात काही वेळ ठेवून माती आपोआप सुटते का ते पाहावे, न चोळता टिपकागदावर ठेवावे आणि पूर्ण वाळू द्यावे. याच्यापुढे घरी जाऊ नये. ऑलिव्ह तेलात नाणी महिनोन्‌महिने बुडवून ठेवण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि आपल्याकडे त्याऐवजी खोबरेल वापरले जाते. तेलातील मेदाम्ले तांब्यावर सावकाश क्रिया करतात, म्हणून तोही सौम्य उपाय मानू नये.

प्रश्न (नाशिक) : संग्रहालयांतली नाणी तर स्वच्छ असतात. तिथले तज्ज्ञ रसायने वापरून नाणी साफ करतात आणि आम्हा संग्राहकांना मात्र हात लावू नका म्हणतात. हा दुजाभाव नाही का?

उत्तर : हा प्रश्न मला या सर्व पत्रांत सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण तो टाळता येण्यासारखा नाही. संग्रहालये नाणी स्वच्छ करतात हे खरे आहे, आणि ती स्वच्छ केली नसती तर महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाचा मोठा भाग आपल्याला कळलाच नसता. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात, मंगरूळ तालुक्यातील तऱ्हाळे येथे सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा मोठा निधी, म्हणजे एकत्र दडवलेला साठा, सापडला. पोटीन म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांचा मिश्रधातू. ती नाणी वाचली गेली तेव्हा पुराणांतील राजांच्या यादीत नसलेली काही सातवाहन राजांची नावे उजेडात आली आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानाला वंशावळीचा नव्याने विचार करता आला. मातीने झाकलेले नाणे वाचता येत नाही. तेव्हा ‘कधीच स्वच्छ करू नका’ असे म्हणणारा माणूस ज्ञानाच्या आड येतो, असेच म्हणावे लागेल.

मग फरक कुठे आहे? आपल्याच जिल्ह्यातील जोगळटेंभी येथील निधीचे उदाहरण घेऊ. १९०६ मध्ये तिथे चांदीची सुमारे १३,२५० नाणी सापडली. सगळी क्षहरात वंशातला शक राज्यकर्ता, क्षत्रप नहपान याची, पण त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा चेहरा आणि त्याभोवतीची ग्रीक अक्षरे, मागे बाण व वज्र, आणि या सगळ्यावर सातवाहनांचा चैत्य (कमानींचा डोंगर) आणि उज्जयिनी चिन्ह (टोकांना वर्तुळे असलेली फुली). पांडवलेण्यातील क्रमांक ३ च्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राने क्षहरात वंशाचा निःपात केल्याचे कोरून ठेवले आहे. त्या विधानाला हातात धरता येईल असा पुरावा या नाण्यांनी दिला. आता विचार करा की नंतरचा ठसा वर आणि खोल असतो, तर त्याखाली दबलेला नहपानाचा चेहरा आणि अक्षरांचे अवशेष अगदी पुसट, उथळ असतात. असे नाणे कोणी उजळायला घेतले तर गौतमीपुत्राचा ठसा बहुधा टिकेल, नहपान मात्र नाहीसा होईल, आणि एका राजाने दुसऱ्याची सत्ता मोडल्याची साक्ष देणारे नाणे कोणतेही एक सातवाहन नाणे होऊन बसेल. घासणाऱ्याला आपण काय घालवले हे कळणारसुद्धा नाही.

वजनाचेही तसेच आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी तक्षशिलेच्या निधींतील चांदीच्या आहत (ठशांनी चिन्हे उमटवलेल्या प्राचीन) नाण्यांच्या वजनांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण केले. नाण्याच्या मागील बाजूवरील बारीक चिन्हे जसजशी वाढतात तसतसे नाण्यांचे सरासरी वजन घटत जाते, असे त्यांना आढळले. म्हणजे ती चिन्हे नाणे चलनात असताना वेळोवेळी उमटवलेली होती आणि वापराने होणारी झीज मोजून नाण्यांचा काळक्रम लावता येत होता. हे फरक ग्रॅमच्या लहानशा अंशाचे आहेत. पॉलिशच्या कापडाने किंवा आम्लाने तेवढी चांदी सहज निघून जाते. कोसंबींनी जे गणित मांडले ते उजळलेल्या नाण्यांवर मांडताच आले नसते.

चांगली प्रयोगशाळा काम सुरू करण्यापूर्वी नाण्याचे छायाचित्र घेते, वजन व व्यास नोंदवते, सूक्ष्मदर्शकाखाली ते तपासते, पृष्ठभागावर कापडाचा किंवा दोऱ्याचा ठसा उमटला आहे का ते पाहते. नाणी ज्या थैलीत बांधली होती तिचे कापड कुजून जाते, तरी त्याची वीण कधीकधी जंगालात, म्हणजे धातूवर चढलेल्या खनिज थरात, उमटून राहिलेली असते. त्यानंतर जेवढे काढणे आवश्यक आहे तेवढेच, भिंगाखाली, शक्यतो रसायनाऐवजी हाताच्या बारीक अवजाराने काढले जाते आणि केलेल्या प्रत्येक कृतीची नोंद नाण्याबरोबर ठेवली जाते. मोठ्या निधीतील काही नाणी मुद्दाम अस्पर्श ठेवणे मला योग्य वाटते, कारण उद्याचे तंत्र आजच्यापेक्षा सौम्य असेल. संग्राहकाने हे सारे शिकून, याच शिस्तीने केले तर त्याला मी नावे ठेवणार नाही. उलट, एखाद्या जुन्या संग्रहालयात पूर्वी सरसकट आम्लात बुडवून पांढरी केलेली नाणी पाहिली की मला तितकेच दुःख होते. तेव्हा आक्षेप आहे तो हेतूला आणि पद्धतीला. नाणे वाचता यावे किंवा त्याचा नाश थांबावा यासाठी केलेली स्वच्छता समर्थनीय आहे. ते चकाकावे यासाठी केलेली स्वच्छता कोणत्याही हातांनी झाली तरी समर्थनीय नाही.

प्रश्न (ठाणे) : माझा मुलगा अमेरिकेत असतो. तिथे नाणी व्यावसायिक पद्धतीने स्वच्छ करून प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून देतात. पुढच्या खेपेस तो आमच्याकडची मराठाकालीन आणि सुलतानांची नाणी घेऊन जाईल. काय काळजी घ्यावी?

उत्तर : नाणी पाठवू नयेत. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि खासगी व्यक्तीला त्यांची निर्यात करता येत नाही. ती परत आणण्याचा आपला इरादा असला तरी विमानतळावर त्याचा उपयोग होणार नाही.

प्रश्न (रत्नागिरी) : माझ्या तांब्याच्या दोन जुन्या नाण्यांवर पावसाळ्यानंतर पिस्त्याच्या रंगाची भुकटी दिसू लागली. पुसली की जाते, पण काही आठवड्यांनी पुन्हा येते. पॅटिनाला हात लावू नये असे वाचले आहे, म्हणून मी काहीच करत नाही. हे बरोबर आहे ना? माझ्याकडे सातवाहनांचे शिशाचे एक नाणेही आहे, तेही सागवानी पेटीत यांच्यासोबतच आहे.

उत्तर : नाही, इथे काहीच न करणे ही चूक ठरेल. आपण वर्णन केलेली फिकट, भुसभुशीत, पुसल्यावर परत येणारी भुकटी म्हणजे पॅटिना नव्हे. स्थिर पॅटिना गडद, घट्ट आणि गुळगुळीत असतो, नखाने निघत नाही. आपल्या नाण्यांना बहुधा ज्याला ब्राँझ डिसीज म्हणतात तो विकार झाला आहे. मातीतून, समुद्री हवेतून किंवा कोणीतरी कधीकाळी लावलेल्या मिठातून आलेले क्लोराइड धातूलगतच्या थरात क्युप्रस क्लोराइडच्या रूपात दडून राहते. हवा कोरडी असेपर्यंत ते शांत असते. ओल आणि प्राणवायू मिळाला की त्याचे हिरव्या भुकटीत रूपांतर होते, या क्रियेत आम्ल तयार होते, ते आम्ल आतल्या ताज्या तांब्यावर क्रिया करून पुन्हा क्लोराइड बनवते, आणि हे चक्र नाण्याला भोके पडेपर्यंत चालू राहते. कोकणातल्या पावसाळ्यात हवेतील आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर असते, तर ही क्रिया थोपवायला ती ४० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली असावी लागते. आपली भुकटी पावसाळ्यानंतरच का दिसली, याचे कारण हेच.

कमीत कमी हस्तक्षेप हे तत्त्व मी वर मांडले. ते या ठिकाणी हस्तक्षेप करा असेच सांगते, कारण न केल्यास नाणेच उरणार नाही. आज आपण करायच्या गोष्टी साध्या आहेत. ही दोन नाणी बाकीच्या नाण्यांपासून वेगळी करा. झाकण घट्ट बसणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात भरपूर सिलिका जेलसह ठेवा. दागिन्यांच्या किंवा कॅमेऱ्याच्या दुकानात मिळणारे, ओल शोषल्यावर रंग बदलणारे दाणे घेतले तर ते केव्हा तापवून पुन्हा वापरायचे हे कळते. भुकटी पाण्याने धुऊ नका. एवढ्याने विकार बरा होत नाही, पण थांबतो, आणि तज्ज्ञाकडे जायला वेळ मिळतो. पुढचा उपचार प्रयोगशाळेतच व्हावा. तिथे क्लोराइड बाहेर काढण्यासाठी नाणे सोडिअम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावणात दीर्घकाळ ठेवले जाते, किंवा बेन्झोट्रायझोल वापरून तांब्यावर संरक्षक थर आणला जातो. पहिल्या उपायाने पॅटिनाचा रंग बदलू शकतो आणि दुसरे रसायन आरोग्याला घातक आहे, म्हणून यूट्यूबवर पाहून यांपैकी काहीही स्वयंपाकघरात करू नये. उपचारानंतर पॅरालॉइड बी-७२ या अ‍ॅक्रिलिक राळेचा पातळ लेप देतात. हा लेप पुढे हवा तेव्हा अ‍ॅसिटोनने काढता येतो, आणि म्हणूनच घरगुती वार्निश किंवा नेलपॉलिशपेक्षा तो नैतिकदृष्ट्याही वेगळा आहे. आपल्यानंतर येणाऱ्या जतनकाराचे हात तो बांधून ठेवत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचे केंद्र आहे, लखनऊ येथे १९७६ पासून सांस्कृतिक वारशाच्या संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. त्यांच्याकडे विचारणा करावी.

शिशाचे नाणे मात्र आजच्या आज त्या सागवानी पेटीतून बाहेर काढावे. लाकडातून, विशेषतः बंद पेटीत, असेटिक आम्लाची वाफ सुटत राहते, आणि शिशाला तिच्याइतका मोठा शत्रू नाही. नाण्यावर पांढरी पूड दिसू लागते. आम्ल या क्रियेत संपत नाही, पुनःपुन्हा मोकळे होऊन शिसे खात राहते. पुठ्ठ्याची खोकी, प्लायवूड, ताजा रंग दिलेले कपाट हेही टाळावे. ती पांढरी पूड विषारी असते, म्हणून हातमोजे घालावेत आणि पुसण्याचा प्रयत्न करू नये. सातवाहनांनी शिसे मोठ्या प्रमाणावर नाण्यांसाठी वापरले. अशी नाणी दोन हजार वर्षे जमिनीत सुखरूप राहून शोभिवंत लाकडी पेटीत संपावीत, हे मला फार अस्वस्थ करते.

प्रश्न (पुणे) : एका विक्रेत्याकडून घेतलेल्या क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्याला सुंदर निळसर-काळी छटा होती. जाणकाराने पाहून सांगितले की नाणे आधी आम्लाने साफ करून नंतर गंधकयुक्त रसायनाने काळे केले आहे. मला ते विकायचे आहे. हे सांगणे बंधनकारक आहे का?

उत्तर : होय. कायदा काय म्हणतो हे बाजूला ठेवले तरी, जे आपल्याला कळल्यावर वाईट वाटले ते पुढच्या माणसापासून लपवणे योग्य नाही. ‘पूर्वी स्वच्छ केलेले, छटा कृत्रिम’ असे लिहून द्यावे आणि तीच चिठ्ठी नाण्याबरोबर जाऊ द्यावी. किंमत कमी येईल, ती येऊ द्यावी. पॅटिना हा नाण्याच्या अस्सलपणाचाही एक पुरावा असतो. तो काढून नवा रंग चढवला की खरे नाणे आणि चांगली नक्कल यांत फरक करणे अवघड होते, आणि या गोंधळाचा फायदा नकली नाणी पाडणाऱ्यांना होतो. झिजलेली अक्षरे सुरीने कोरून पुन्हा उठावदार केलेली नाणीही बाजारात दिसतात. त्याला मी स्वच्छता किंवा दुरुस्ती म्हणणार नाही, ती सरळसरळ फसवणूक आहे.

प्रश्न (जालना) : आमच्या भागात विहीर खणताना किंवा नांगरताना नाण्यांची मडकी निघाल्याचे ऐकतो. कोणाला असे मडके सापडले तर नाणी धुऊन, मोजून मगच तहसीलला कळवावे का? हिशेब नीट राहील.

उत्तर : धुऊ नये, मोजू नये, मडके रिकामे करू नये. शक्य असल्यास ते जागचे हलवूही नये. वर ओलसर माती किंवा कापड टाकून झाकावे, जागेचे फोटो घ्यावेत आणि लगेच कळवावे.

याचे कारण एका परदेशी उदाहरणाने चांगले समजेल. २०१० मध्ये इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात फ्रूमजवळ एका छंदिष्टाला धातुशोधक यंत्राने रोमन नाण्यांचे प्रचंड मडके सापडले. त्याने ते स्वतः उपसले नाही, पुरातत्त्वज्ञांना बोलावले. त्यांनी ५२,५०३ नाणी थराथराने, कोणता थर कुठला याची नोंद ठेवत काढली. तेव्हा दिसले की निधीतील सर्वांत अलीकडच्या, म्हणजे कॅरॉशियस या राज्यकर्त्याच्या नाण्यांपैकी बरीचशी मडक्याच्या खालच्या भागात आहेत. वर्षानुवर्षे थोडी थोडी बचत टाकली असती तर ती वर असायला हवी होती. म्हणजे मडके एकाच वेळी भरले गेले होते. हा निष्कर्ष कोणत्याही एका नाण्यावर लिहिलेला नव्हता, तो केवळ नाण्यांच्या क्रमात होता, आणि बादलीत ओतून धुतल्याबरोबर तो कायमचा गेला असता. आपल्याकडे सापडलेल्या कित्येक निधींचे नेमके असेच झाले आहे. नाणी सोनाराकडे वाटली गेली, काही वितळली, उरलेली घासून आली आणि कोणते नाणे कशाबरोबर होते हे आता कोणीच सांगू शकत नाही.

कायद्याची बाजूही जाणून घ्यावी, कारण भीतीपोटी लोक लपवाछपवी करतात. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळवल्यास सापडणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कळवल्यास आणि मूळ मालक कोणी नसल्याचे ठरल्यास, वेगळा करार नसेल तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश हिस्सा मिळण्याची तरतूद आहे. सरकारला तो निधी हवा असल्यास त्यातील धातूची किंमत आणि तिच्या एक पंचमांश जादा रक्कम देऊन घेता येतो. ही रक्कम आजच्या बाजारभावापुढे तुटपुंजी आहे, आणि प्रामाणिक शेतकऱ्याला याहून पुष्कळ जास्त मिळाले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्यावर उपाय कायदा बदलून घेणे हा आहे, मडके फोडणे नव्हे.

प्रश्न (कोल्हापूर) : आमच्या देव्हाऱ्यात पणजीच्या काळापासून चांदीची दोन जुनी नाणी आहेत. दर लक्ष्मीपूजनाला त्यांना पंचामृताने स्नान घालून रांगोळीने घासतो. शिवाय आजीच्या पुतळ्यांच्या माळेत काही पुतळ्या व्हेनिसच्या खऱ्या नाण्यांच्या असाव्यात असे सराफ म्हणतात. कड्या काढून, उजळून त्या नाणी म्हणून ठेवाव्यात का?

उत्तर : पुतळ्यांच्या कड्या काढू नका. व्हेनिसची सोन्याची डुकाट नाणी व्यापारातून भारतात मोठ्या प्रमाणावर आली, महाराष्ट्रात ती दागिन्यांत ओवली गेली आणि पुढे सोनारांनी त्यांच्यासारख्या पुतळ्या घडवल्या. कडी लावली त्या दिवशी त्या नाण्याचा दुसरा इतिहास सुरू झाला आणि तो आपल्या घराचा इतिहास आहे. कडी काढताना डाग (धातूची झाळ) सोडवण्यासाठी उष्णता द्यावी लागते, त्या झाळीची खूण राहते आणि नाणे संग्राहकाच्या दृष्टीनेही निर्दोष होत नाही. म्हणजे माळ मोडूनही हाती काही लागत नाही. सोन्याला जंग चढत नसल्याने उजळण्याची गरजही नाही. घामाचा चिकटपणा असेल तर माळ कोमट पाण्यात साध्या सौम्य साबणाने हलक्या हाताने धुऊन वाळवावी. सराफाकडे उजळायला दिल्यास सोन्याचा अंश जातो आणि डुकाटवरील आकृत्या बोथट होतात.

देव्हाऱ्यातील नाण्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पूजेतली वस्तू काचेच्या पेटीत बंद करा असे मी सांगणार नाही, कारण ती नाणी आजवर जपली गेली ती पूजेमुळेच. रांगोळीची पूड मात्र दगडाची असते. तिने चांदीवर ओरखडे पडतात आणि दरवर्षी थोडा मजकूर कमी होतो. जुनी चांदी आतून ठिसूळही झालेली असू शकते, जोराने चोळल्यास किंवा फरशीवर पडल्यास तिचा तुकडा उडतो. दह्या-मधातील आम्ले आणि शर्करा अक्षरांच्या खाचांत राहतात. माझी सूचना अशी की घरातील सर्वांना, विशेषतः ज्यांच्या हातून पूजा होते त्यांना, विश्वासात घेऊन पंचामृताचा अभिषेक एखाद्या नव्या चांदीच्या नाण्यावर करावा आणि जुन्या नाण्यांना हळद-कुंकू न लावता केवळ शुद्ध पाण्याचे प्रोक्षण करून, लगेच सुती कापडाने टिपून, फूल वाहावे. हे कोणाला रुचले नाही तर निदान रांगोळीने घासणे थांबवावे. चांदी काळी पडणे हा दोष मानू नये; तो गंधकाशी संयोग होऊन आलेला पातळ थर असतो आणि बहुधा नाण्याला अपाय करत नाही. इंटरनेटवर सुचवला जाणारा अ‍ॅल्युमिनियमचा कागद, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी यांचा प्रयोग नव्या ताटवाट्यांपुरता ठेवावा.

पूजेनंतर नाणी बाजारात मिळणाऱ्या मऊ पारदर्शक पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवू नका. कालांतराने त्या प्लॅस्टिकमधून क्लोरीनयुक्त आम्ल सुटते आणि नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. पॉलिएस्टरची पाकिटे किंवा आम्लरहित कागदाचे लहान लखोटे वापरावेत. प्रत्येक लखोट्यावर नाणे कोणाकडून आले, देव्हाऱ्यात केव्हापासून आहे, कशाने धुतले जात होते आणि घासणे कोणत्या वर्षी बंद केले, हे पेन्सिलीने लिहून ठेवावे. ही नाणी कोणत्या राजाची हे ठरवायचे असल्यास नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० पासून नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिथे आधी दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे आणि वजन पाठवावे, नाणी सोबत नेण्याची गरज बहुधा पडणार नाही.